रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, सायकली विकायला घेतल्या आणि त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली

सिग्नलला लाल दिवा लागला की थांबायचं आणि हिरवा लागला की निघायचं. शाळेत पहिलीच्या पोराला पण हे पाठ असतं. पण समजा एखाद्याला लाल कुठला आणि हिरवा कुठला हेच नीट कळत नसेल तर?

हसण्यावारी नेऊ नका. असे लोक आपल्या आजूबाजूला भरपूर असतात. पुरुषांमध्ये जास्त, बायकांमध्ये फारच कमी. कित्येकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. लायसन काढताना किंवा रेल्वे-पोलीस भरतीच्या मेडिकलमध्ये डॉक्टर ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरतात आणि त्यातला आकडा वाचायला सांगतात. तिथं गाडी अडते तेव्हा कळतं, की आपल्याला रंगांधळेपणा आहे. वर्षभर ग्राउंड मारलेल्या पोराची नोकरी त्या एका पानावर जाते.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या माणसाच्या वाट्याला हेच आलं होतं. त्याला चित्रकार व्हायचं होतं. दोन वर्षं शिकल्यावर कळलं, की आपल्याला काही रंगांच्या छटा ओळखताच येत नाहीत. रंग हातातून गेले. पण त्याच माणसानं पुढं सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र बनवलं, लोखंडी नांगर बनवला आणि निवडुंगाच्या माळावर अख्खं गाव वसवलं.

त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

आज किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरची मोटर नाहीतर डिझेल इंजिन आठवतं. पण या सगळ्याची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एक सिग्नल फुटला आणि सहा महिन्यांनी एक पोरगं जन्माला आलं

आधी एक योगायोग सांगतो.

जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल लंडनमध्ये, तिथल्या पार्लमेंटसमोर १० डिसेंबर १८६८ रोजी बसवला गेला. कल्पना होती जॉन पीक नाईट नावाच्या रेल्वे इंजिनियरची. त्याने रेल्वेचा सिग्नल उचलला आणि रस्त्यावर आणून उभा केला. दिवसा रेल्वेसारखे हात वरखाली व्हायचे आणि रात्री गॅसवर चालणारे लाल-हिरवे दिवे लागायचे. गंमत म्हणजे तेव्हा हिरव्याचा अर्थ बिनधास्त जा असा नव्हता, जपून जा असा होता. मोटारगाड्या तर जन्मालाही आल्या नव्हत्या. तो सिग्नल होता घोडागाड्यांसाठी आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांसाठी.

पण महिनाभरातच, जानेवारी १८६९ मध्ये गॅस गळून त्याचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीस जखमी झाला. लंडनने सिग्नलचा नाद सोडला. रस्त्यावरचे दिवे परत यायला पुढे विसावं शतक उजाडावं लागलं.

त्याच १८६९ साली २० जूनला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावात काशिनाथपंत किर्लोस्करांच्या घरी लक्ष्मणचा जन्म झाला. गुर्लहोसूर हे नाव मराठी नाटकवाल्यांना पाठ असतं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले.

लक्ष्मणचं मात्र मन नाटकात नव्हतं आणि शाळेच्या पुस्तकातही नव्हतं. त्याला दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रं काढायची आणि दुसरं, दिसेल ते यंत्र खोलून बघायचं.

वडिलांचा विरोध, थोरल्या भावाचा आधार

त्या काळात मराठी मध्यमवर्गीय घरातल्या पोरानं काय करायचं हे ठरलेलं असायचं. शिकायचं, मॅट्रिक व्हायचं आणि सरकारी नोकरीला चिकटायचं. चित्रकार होणं म्हणजे पोटापाण्याचे वांधे. त्यामुळं लक्ष्मणनं मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं म्हटल्यावर वडिलांनी विरोध केला.

पाठीशी उभा राहिला तो थोरला भाऊ रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे रामूअण्णा. पैशाची सोय रामूअण्णांनी केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईत दाखल झाले. हे रामूअण्णा लक्षात ठेवा. या गोष्टीत लक्ष्मणराव जिथं जिथं अडतात तिथं रामूअण्णा उभे दिसतात.

जेजेमध्ये दोन वर्षं गेली. हात चांगला होता. रेषा पक्की होती. पण रंगकाम सुरू झालं की गडबड व्हायची. अखेर लक्षात आलं, की त्यांच्या डोळ्यांना अंशतः रंगांधळेपणा आहे.

विचार करा. घरच्यांशी भांडून पोरगा मुंबईला आलाय. भावानं पदरमोड करून पैसे पाठवलेत. आणि ज्या कामासाठी आलो त्या कामाला आपले डोळेच साथ देणार नाहीत, हे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास कळतंय. मेहनतीनं भरून निघेल अशी ती उणीवच नव्हती.

रंगांधळेपणा म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूसारख्या पेशी असतात. त्या तीन प्रकारच्या. त्यातला एखादा प्रकार नीट काम करत नसेल, तर काही रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. सगळ्यात जास्त आढळतो तो लाल आणि हिरव्यातला गोंधळ. याचं कारण आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रात असतं. पुरुषात हे गुणसूत्र एकच असल्यामुळं एकात दोष आला की तो दिसतो. बाईत दोन असतात, एकानं दुसऱ्याला सांभाळून घेतलं जातं.

अशा माणसाला जग काळंपांढरं दिसतं हा गैरसमज आहे. तसं फार क्वचित घडतं. बहुतेकांना रंग दिसतात, पण काही छटांमधला फरक कळत नाही. पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो बाजूबाजूला ठेवले तर गोंधळ होतो. बाकी नजर एकदम तेज असते.

हा प्रश्न रस्त्याच्या आधी रेल्वेला भेडसावला. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथं दोन गाड्यांची टक्कर होऊन माणसं गेली. फ्रिथिऑफ होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाला शंका आली, की कर्मचाऱ्याला सिग्नलचा रंगच नीट कळला नसावा. त्यानं रंगीत लोकरीच्या गुंड्या समोर टाकून रेल्वेवाल्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पुढं १९१७ च्या सुमारास जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी ठिपक्यांची चाचणी आणली. मेडिकलला आजही जे पुस्तक उघडतात ते यांचंच.

मग रंग न कळणारा माणूस सिग्नलला थांबतो कसा? उत्तर सोपं आहे. तो रंग बघत नाही, जागा बघतो. उभ्या सिग्नलमध्ये लाल कायम वर, पिवळा मध्ये आणि हिरवा खाली. वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं. शिवाय सिग्नलच्या हिरव्यात थोडी निळसर झाक ठेवतात. दोन दिवे वेगळे कळावेत यासाठी केलेली ती सोय आहे.

थोडक्यात, एक वाट बंद असली तर दुसऱ्या खुणेनं रस्ता काढता येतो. लक्ष्मणरावांनी नेमकं तेच केलं.

रंग गेले, रेषा राहिली

जेजेमध्ये रंगकामाबरोबर यांत्रिक आरेखनही शिकवलं जायचं. मराठीत सांगायचं तर मेकॅनिकल ड्रॉइंग. यात रंगांचं काही काम नाही. पेन्सिल, पट्टी, कंपास आणि माप. यंत्राचा एकेक भाग कागदावर असा उतरवायचा की लोहारानं, सुतारानं तो बघून बनवला पाहिजे.

लक्ष्मणरावांनी कुंचला खाली ठेवला आणि हे काम धरलं. यंत्राचा नाद लहानपणापासून होताच. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं. आपण आज त्याला व्हीजेटीआय म्हणतो. तिथं लक्ष्मणरावांना यांत्रिक आरेखन शिकवायची नोकरी लागली. पगार महिन्याला ४५ रुपये असल्याचं सांगितलं जातं.

संस्थेत वर्कशॉप होतं. कॉलेज सुटलं की लक्ष्मणराव तिथं जाऊन बसायचे. यंत्रं चालवायची, बिघडलेली खोलायची, पुन्हा जोडायची. पगार शिकवण्याचा मिळत होता, पण खरं शिक्षण त्यांचंच चाललं होतं.

१८८८ आणि सायकल

त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर एक नवीन वाहन दिसायला लागलं होतं. बैल नाही, घोडा नाही, माणूसच पाय मारतोय आणि गाडी पळतेय. लोक तोंडात बोटं घालून बघत राहायचे.

सायकल तेव्हा नुकतीच माणसात आली होती. त्याआधीच्या सायकलीचं पुढचं चाक पुरुषभर उंच असायचं आणि वरून पडलं की हातपाय मोडायचे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारखी चाकं आणि चेन असलेली सायकल आणली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला. धक्के कमी झाले आणि सायकल सामान्य माणसाला झेपेल अशी झाली.

लक्ष्मणरावांनी ही सायकल बघितली आणि त्यांच्यातला यंत्रवेडा जागा झाला. पण नुसतं नवल करून ते थांबले नाहीत. मुंबईत जे आज आलं ते बेळगावला उद्या लागणार, हा हिशोब त्यांनी मांडला. रामूअण्णांना कळवलं आणि भावाभावांचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा त्या तिथं विकायचे. नाव पडलं किर्लोस्कर ब्रदर्स. साल होतं १८८८. ही कंपनी आजही आपला जन्म त्याच सालात धरते.

एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये सांगितली जाते. लक्ष्मणरावांचा पगार ४५ धरला तर सगळ्यात स्वस्त सायकल घ्यायलाही त्यांना पंधरा महिन्यांहून जास्त काळाचा सगळा पगार ओतावा लागला असता. म्हणजे तेव्हाची सायकल ही आजच्या भारीतल्या गाडीसारखी मिरवायची वस्तू होती. साहेब, वकील, डॉक्टर, सरदार असलेच लोक ती घ्यायचे.

पण घेऊन उपयोग काय? चालवता कुणाला येत होती! म्हणून रामूअण्णांनी शिकवणी सुरू केली. सायकल शिकवायचे १५ रुपये. गिऱ्हाईक पडणार, खरचटणार, परत चढणार आणि रामूअण्णा मागून सीट धरून पळणार. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती एकाच छपराखाली. सर्व्हिस सेंटर हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

सायकल आली, मागोमाग नियम आले

रस्त्यावर नवीन वाहन आलं की मागून कायदा येतोच. सायकलचंही तसंच झालं. रात्री दिवा पाहिजे, घंटी पाहिजे, डावी बाजू सोडायची नाही, एकावर दोघं बसायचं नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला हे चांगलं आठवत असेल. संध्याकाळी दिव्याशिवाय सायकल नेली की कोपऱ्यावर हवालदार उभा. डबलसीट दिसले की शिट्टी. लोक काय करायचे, तर हवालदार दिसला की मागचा उडी मारून उतरायचा, चौक ओलांडला की परत बसायचा. अनेक नगरपालिका सायकलवर वर्षाचा कर घ्यायच्या आणि पत्र्याचा छोटा बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला की सायकल जप्त व्हायची भीती. चाकातली हवा सोडणं ही त्या काळची ऑन द स्पॉट शिक्षा होती.

मग आजचा नियम काय सांगतो? मोटार वाहन कायद्यात सायकल हे मोटार वाहन नाही. त्यामुळं लायसन लागत नाही, मेडिकल लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. नंबरप्लेट नाही म्हणून सिग्नलवरचा कॅमेरा सायकलवाल्याला ई-चलन पाठवू शकत नाही. पण याचा अर्थ लाल दिवा सायकलसाठी नसतो असा होत नाही. रहदारीचे नियम रस्ता वापरणाऱ्या सगळ्यांना लागू असतात आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ नुसार पोलिसांना रहदारीचं नियमन करण्याचे आणि नियम मोडणाऱ्यावर कारवाई करण्याचे अधिकार आहेत. आणि कॅमेरा सोडेल, पण समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर सोडणार नाही. सायकलवाल्याला सगळ्यात मोठा दंड तोच असतो.

बढती नाकारली आणि नोकरी सुटली

इकडे मुंबईत लक्ष्मणराव वर्षानुवर्षं शिकवत होते. मुलं हुशार होत होती, वर्कशॉप हातचं झालं होतं. बढतीची जागा निघाली. सगळ्यांना वाटलं लक्ष्मणरावांनाच मिळणार. पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली.

डोळ्यांनी वाट अडवली होती तेव्हा ते काहीच करू शकत नव्हते. ही वाट मात्र माणसांनी अडवली होती. लक्ष्मणरावांनी १८९७ साली राजीनामा दिला आणि बिऱ्हाड घेऊन थेट बेळगाव गाठलं. पगाराची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात बसायला निघालेला मास्तर, अशी त्यांची तेव्हाची ओळख.

पण लक्ष्मणरावांची नजर आता सायकलच्या पलीकडं गेली होती. सायकल साहेब लोक घेत होते. देशातली बाकी सगळी माणसं शेतात होती आणि त्यांच्या हातात जुनीच अवजारं होती.

पहिलं यंत्र निघालं ते कडबा कापायचं. जनावराला अख्खा कडबा टाकला की अर्धा पायाखाली जातो. बारीक कुट्टी केली की सगळा खाल्ला जातो. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. यंत्र चाललं.

मग त्यांनी हात घातला लोखंडी नांगराला.

लोखंड लागलं की जमीन विषारी होते म्हणे

आपला जुना नांगर लाकडी. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की त्याची मुळं खोल जातात. लाकडी नांगर ती मुळं पालथी करू शकत नाही. जास्त बैल जुंपावे लागतात आणि तरी काम अर्धवट राहतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यातल्या सोनारीकडं किंवा बार्शीच्या बाजूला जुन्या शेतकऱ्याला कुंदा म्हणा, तो कपाळावर हात मारेल.

विलायती लोखंडी नांगर बाजारात होता. लक्ष्मणरावांनी तो अभ्यासला आणि इथल्या बैलाला, इथल्या मातीला जमेल असा देशी नांगर बनवला. आता शेतकरी उड्या मारत घेतील असं वाटलं असेल. झालं उलटंच. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, पीक येत नाही, अशी समजूत होती. कुणी नांगराला हात लावेना. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं माल पडून आहे, पैसा अडकलाय आणि लोक हसतायत. या काळात लक्ष्मणराव आणि रामूअण्णांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून नाद सोडला नाही. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवायचा, तक्रार आली तर बदल करायचा, परत दाखवायचा. सायकल विकताना मागून सीट धरून पळण्याची जी सवय लागली होती, ती इथं कामाला आली. नवीन वस्तू नुसती विकून चालत नाही, ती वापरायला शिकवावी लागते.

हळूहळू नांगर रुजला.

बेळगाव सुटलं, औंधच्या राजानं हात दिला

गाडी जरा रुळावर येते तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा वस्ती वाढवण्यासाठी घ्यायचं ठरवलं. बिऱ्हाड हलवणं सोपं, कारखाना कुठं हलवणार?

इथं गोष्टीत एक राजा येतो. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण ते स्वतः चित्रकारही होते. औंधच्या टेकडीवरचं त्यांचं चित्रसंग्रहालय बघायला आजही लोक जातात. औंधच्या यमाई देवीच्या इथं बांधकामाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं होतं आणि माणूस कसा आहे हे जोखलं होतं.

अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. रंग न दिसल्यामुळं ज्याची चित्रकला सुटली त्याला सगळ्यात मोठा आधार दिला तो एका चित्रकार राजानं.

जमीन कसली, नुसता माळ. निवडुंग आणि नाग. पाणी नाही, सावली नाही. १० मार्च १९१० रोजी इथं वसाहतीची मुहूर्तमेढ झाली आणि तीच किर्लोस्करवाडी. तिकडं झारखंडच्या बाजूला टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्याच सुमारास सांगलीच्या माळावर एका सायकल दुकानदाराचं गाव वसत होतं.

ज्यांना कुणी उभं करत नव्हतं त्यांची वाडी

किर्लोस्करवाडीची खरी गोष्ट यंत्रांपेक्षा माणसांची आहे.

शाळेत नापास झालेले अनंतराव फळणीकर इथं आले आणि कल्पक इंजिनियर झाले. मंगेशराव रेगे हिशोब सांभाळायचे, शंभोराव जांभेकर यंत्रं बघायचे, रामूअण्णा गावाचा कारभार. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी कुणाला ठेवलं माहितेय? दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना. ज्यांच्यापासून बाकीची गावं तिजोरी लपवायची त्यांच्याच हातात इथं राखण दिली. त्यांनीही तो विश्वास मोडला नाही. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा आग्रह होता.

हे सगळं कुठून आलं असेल, याचा अंदाज बांधायला अवघड नाही. एका गोष्टीत नापास झाला म्हणजे माणूस निकामी होत नाही, हे लक्ष्मणराव अनुभवानं शिकले होते.

पहिलं महायुद्ध आलं आणि लोखंड, कोळसा, रंग सगळंच मिळेनासं झालं. कारखाना बंद पडायची वेळ आली. दगडी कोळशाला पर्याय म्हणून लाकडी कोळसा वापरला गेला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि त्या वितळवून नांगर केले, असं सांगितलं जातं. लढाईच्या हत्यारापासून शेतीचं अवजार झालं.

युद्धानंतर वाडी वाढत गेली. ऊस गाळायचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, मग पंप, मग इंजिन. १९२० साली इथूनच किर्लोस्कर खबर नावाचं पत्रक सुरू झालं. पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं. त्याच घरातून १९३० साली स्त्री मासिक निघालं. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचक घडवणारी मासिकं निघणं हे दुसरीकडं क्वचितच झालं असेल.

लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव १९०३ साली सोलापूरला जन्मला. त्याला त्यांनी अमेरिकेत एमआयटीला इंजिनियरिंग शिकायला पाठवलं. १९२६ साली तो परत आला आणि पुढं त्यानं पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना काढून किर्लोस्कर हे नाव जगात नेलं. वडिलांनी लक्ष्मणरावांना जेजेला जायला अडवलं होतं. लक्ष्मणरावांनी मुलाला सातासमुद्रापार धाडलं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आजच्या पोरांना याचं काय?

खूप काही आहे.

भारतात बरीच वर्षं रंगांधळेपणा असलेल्या माणसाला ड्रायव्हिंग लायसनसाठी अडवलं जायचं. दोष थोडा आहे की जास्त, हे बघितलं जात नव्हतं. जून २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं नियम बदलला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असेल तर लायसन मिळतं. तीव्र असेल तर मात्र मिळत नाही. आणि हे लपवून लायसन काढायच्या फंदात पडू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन दोष किती आहे ते लिहून घेतलं तर दार उघडू शकतं.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्यातली. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये एका मुलाची एडिटिंगच्या कोर्ससाठी निवड झाली होती, पण मेडिकलमध्ये रंगांधळेपणा निघाला आणि प्रवेश नाकारला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये कोर्टानं सांगितलं, की रंगांधळेपणा आहे म्हणून सिनेमा शिकायचं दार बंद करता येणार नाही. लक्ष्मणरावांना मुंबईत कुंचला खाली ठेवावा लागला त्याला तोवर १३० वर्षं उलटून गेली होती.

म्हणून ठिपक्यांच्या पानावर आकडा दिसला नाही म्हणून घरी परतलेला एखादा पोरगा तुमच्या गावात, तुमच्या तालमीत असेल तर त्याला ही गोष्ट नक्की सांगा. त्याची ती एक भरती गेली, हे खरंच आहे. तिचं दुःख त्याला होणार. पण सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेला जाताना वाटेत एखाद्या विहिरीवर किर्लोस्करचा पंप धडधडताना दिसला, तर त्याला जरा थांबवून दाखवा. त्या पंपामागं असाच एक पोरगा आहे. त्याला रंग नीट दिसत नव्हते, म्हणून त्यानं रेषा धरली.

आणि हो, सायकल काढताना दिवा आणि घंटी तपासा. लाल लागला की थांबा. रंग कळत नसेल तर वरचा दिवा बघा, पण थांबा.